आज गादी कोरडी

२४ एप्रिल

गौरजा मॅडम आज पुण्याला परत गेल्या आणि जाताना ही वही माझ्या हातात देऊन गेल्या. आहारतज्ज्ञ बाई. आमच्या होमस्टेत चार दिवस होत्या, चारही दिवस माझं डोकं दुखताना बघत होत्या. म्हणाल्या, "शर्मिलाताई, हे पित्त नाही. तुम्ही पाणीच पीत नाही. दिवसाला तीन लिटर गेलं पाहिजे. किती ग्लास झाले ते रोज लिहा, आणि लघवीचा रंग बघत जा. फिकट असली पाहिजे. गडद झाली की समजायचं, शरीर पाण्यासाठी ओरडतंय."

मी म्हटलं, मॅडम, एक अडचण आहे, पाणी प्यायले आणि शिंकले की जरासं होतं. त्या हसल्या. बाळंतपणानंतर होतं म्हणाल्या, व्यायाम दाखवला. आमची भक्ती आता ठाण्यात नोकरी करते, म्हणजे बाळंतपण होऊन किती वर्षं झाली! असो.

नळाचं बरं की बाटलीचं, तेही विचारून घेतलं. नळाचं उकळून प्या, काही होत नाही, बाटलीचे नखरे कशाला, म्हणाल्या. स्वतः मात्र चारही दिवस सील तोडूनच प्यायल्या. शहाणपण सांगणाऱ्यांचं असंच असतं.

आज सहा ग्लास.

२७ एप्रिल

मेले असते तर बरं झालं असतं असं आज वाटलं.

कोल्हापूरची चार माणसं ओटीवर सुरमईचं ताट घेऊन बसली होती. माझी सासू तिथेच खुर्चीत. तिच्या नावाने तर घरावर पाटी आहे, 'यशोदा होमस्टे', तेव्हा पाहुण्यांना ती दिसली की बरं वाटतं, फोटो काढतात. काढता काढता त्यातल्या एका बाईने पाय वर घेतले. बघते तर खुर्चीखालून ओघळ! आये आपली समुद्राकडे बघून बसलेली, जसं काही दुसऱ्याच कुणाचं आहे. मी हसत हसत फडका आणला, तांब्या सांडला म्हणून सांगितलं. त्या बाईने सोलकढी तशीच ठेवली.

संध्याकाळी मोबाइलवर त्यांचा अभिप्राय आला. जेवण उत्तम, घरात वास येतो.

वास येतो! रोज पहाटे उठून मी चादरी धुते, गादी उन्हात टाकते, फिनेल ओतते, आणि वास येतो. देवबागेत आता घराला घर लागून होमस्टे झालेत. एका बाजूला दर्या, एका बाजूला खाडी, मध्ये आम्ही सगळे एकमेकांच्या पाहुण्यांवर डोळा ठेवून बसलेलो. एकदा वासाचं नाव झालं की संपलं.

३० एप्रिल

काल तोडगा सापडला, आणि किती साधा! दुपारच्या जेवणानंतर आयेला पाणी बंद. आत गेलंच नाही तर बाहेर येईल कुठून?

सर्वेशला सांगितलं. आवस त्याची, त्याला विचारायला नको? तो होडीच्या इंजिनात डोकं घालून बसला होता. म्हणाला, "तुका बरा वाटता तसा कर. मे म्हयनो तेवढो निभावून न्हेऊया." नवऱ्याने एवढं म्हटलं, मला पुरे.

काल संध्याकाळी आये दोनदा म्हणाली, "गो, माका तान लागली." मी म्हटलं, आये, उद्या सकाळी दितंय हां. लहान पोराला समजवावं तसं गोडीने सांगितलं. उगाच कुणी म्हणायला नको.

आज सकाळी उठून पहिल्यांदा तिच्या गादीवरून हात फिरवला. कोरडी! देवाशपथ, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

आज आठ ग्लास. डोकेदुखी कमी.

४ मे

रोज गादी कोरडी. सकाळी एक कप चहा आणि जेवताना अर्धा पेला, एवढ्यावर तिचं छान चाललंय. म्हाताऱ्या माणसाला लागतं किती? दिवसभर बसून तर असते.

ओठ फुटलेत तिचे. खोबरेल लावलं. जीभ सारखी बाहेर काढून ओठांवरून फिरवत असते, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, म्हणून तिची खुर्ची ओटीवरून उचलून स्वयंपाकघरामागच्या तिच्या खोलीत नेऊन ठेवली. तिथे गारवाही आहे.

माझी लघवी आता शहाळ्याच्या पाण्यासारखी. मॅडमना कळवायला हवं. आयेच्या भांड्यात बघितलं तर काळा चहा, आणि तोही घोटभर. उन्हाळा बाधला असणार. मॅडम इथे असत्या तर विचारलं असतं.

आज दहा ग्लास. काय हलकं वाटतंय म्हणून सांगू.

८ मे

बाव खारी झाली. सकाळी परसातल्या या विहिरीच्या पंपाचं पाणी घेऊन चूळ भरली आणि थू! तोंडात मीठच मीठ.

आता ही म्हातारी मला बोलून दाखवणार हे ठरलेलंच. दिवाळीत पाहुण्यांच्या शॉवरसाठी पंप बसवला तेव्हा कठड्याला धरून बसली होती. "रेवेतला गोडा पाणी वरच्यावर आसता. कळशेन काढलास तर पुरतला. पंपान ओढलास तर खालसून दर्यो येतलो." तेव्हापासून तिचं एकच, पिणार तर बावीचंच. नळाच्या पाण्याला पावडरीचा वास येतो. बाटलीचं शिळं लागतं, कुणी कधी भरलं देव जाणे. पाहुण्यांसाठी आणलेली बाटली एकदा मी स्वतः तिच्यापुढे धरली होती, तर वास घेऊन बाजूला केली. मेला काय तो तोरा!

मग आज मीही बावीचंच दिलं. वाटीभर. एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"ह्या खारा गो."

"तुझ्याच बावीचा, आये. नळाचा तुका चलना नाय, बाटलेचा शिळा लागता. मगे पी आता."

"शर्मिले, नळाचा दी. खयचाय दी."

बघा, आता चालतं! इतकी वर्षं माझ्या हातच्या प्रत्येक गोष्टीला नाक मुरडलं हिने. लग्न होऊन पिंगुळीहून या घरात आले तेव्हा माझ्या हातची कढी चाखून शेजारणींसमोर म्हणाली होती, हेच्यापेक्षा दर्याचा पाणी बरा. ते मी विसरलेले नाही. मी तिथेच उभी राहिले. तिने वाटी संपवली.

क्षणभर वाटलं, नळाचं गाळून द्यावं. पण एकदा दिलं की पुन्हा मागणार, पुन्हा गादी, पुन्हा तो वास. आणि दोन नंबरच्या खोलीत नाशिकची माणसं उतरलीत, तिच्या खिडकीला लागूनच.

आज नऊ ग्लास. बाटलीचं. घरात खोके आलेच आहेत.

११ मे

नाशिकच्या बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "ताई, रागावू नका, पण आजी आमच्या खोलीत आल्या होत्या. आमच्या उष्ट्या बाटल्यांत तळाला राहिलेलं पाणी एकामागून एक पीत होत्या."

भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं! लोकांचं उष्टं! जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या पेल्याला हात लावला नाही ती सोवळी बाई!

मी म्हटलं, वय झालं हो, मती फिरली आहे, घरात सगळं असताना असं करतात. त्यांनी 'हो हो' केलं. भली बाई, मलाच म्हणाली, तुम्ही किती करता त्यांचं.

आयेला विचारलं, "कित्याक गेलेलंस थंय?" तिच्या मुठीत एका बाटलीचं झाकण होतं, ते काही केल्या सोडेना. बोटं उलगडून काढावं लागलं.

सर्वेशने तिच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. तिच्याच भल्यासाठी. उद्या बाहेर पडली आणि खाडीत गेली तर?

१३ मे

शेजारची आनंदीबाई! हिला कुणी सांगितलं होतं? काल आम्ही मागल्या दारी मासे साफ करत होतो तर ही खिडकीच्या गजांतून आयेला पेज पाजत होती. वर तांब्याभर पाणी. आये दोन्ही हातांनी गज धरून वासरासारखी पीत होती, अर्धं गळ्यावरून, अर्धं लुगड्यावर.

मी म्हटलं, "आनंदीकाकी, आमच्या घरातला आमी बघतंव."

"काय बघतंस? तोंड बघ तिचा. जीभ लाकूड झाली हा. गो, शत्रूकव कोण पाणी नाय म्हणना नाय!"

"तुमका चादरी धुवच्या नाय लागनत. येवा उद्यापासून, धुवा आणि मगे पाणी पाजा."

"हाड, धुतंय."

असं म्हणाली ती! तोंडावर. माझं टाळकं सरकलं. म्हटलं, माझ्या धंद्यावर डोळा आहे तुझा, आमचं नाव खराब करून आमचे पाहुणे ओढायचे आहेत. मोठमोठ्याने बोलले, चार घरं ऐकतील असं. तिने तांब्या उचलला आणि गेली. संध्याकाळी सर्वेशने खिडकीला आतून पत्रा ठोकला.

आज पहाटे गादी भिजलेली. एवढी भिजली आहे की वाळायला दोन दिवस लागतील. झालं आनंदीबाईचं पुण्य, चादरी धुतल्या मी.

आज किती ग्लास ते लिहायचं राहिलं.

१६ मे

आज जे झालं ते लिहूनच ठेवते.

आमच्या देवघरात गंगेचा गडू आहे. होता. सासरे काशीला जाऊन आले तेव्हाचा, तांब्याचा, तोंड झाळून बंद केलेला. त्याचं मावंदं घातलं होतं, सगळा वाडा जेवला होता म्हणे. घरातल्या माणसाच्या शेवटच्या घोटासाठी राखून ठेवलेलं पाणी ते. सासरे गेले तेव्हा होडीवर गेले, त्यांच्या वाट्याला आलं नाही. म्हणून आयेने तो जपला होता. दर दसऱ्याला चिंचेने घासायची, पण झाळाला धक्का लागू द्यायची नाही.

सकाळी चहा देताना कडी घालायची राहिली. माझ्याच हातून. पाहुण्यांच्या आंबोळ्या काढून येते तर देवघरात आये बसलेली, मांडीत नारळ खवायची आडाळी, आणि आडाळीच्या टोकाने गडवाचं तोंड उचकटलेलं. बोट कापून रक्त आलेलं. गडू तोंडाला लावून वर मान करून शेवटचा थेंब झटकत होती.

मी किंचाळले. सर्वेश धावत आला. मी इतक्या वर्षांत त्याला आवशीवर ओरडताना बघितलं नव्हतं, आज त्याने तिच्या हातातून गडू हिसकावला आणि रडतच म्हणाला, "आये, काय केलंस ह्या? आता मराच्या वक्ताक तुझ्या तोंडात काय घालू मी?"

आयेने ओठ पुसले. आवाज तर तिचा बसलेलाच आहे हल्ली, घोगरा.

म्हणाली, "मराच्या वक्ताकच घेतलंय, रे झिला."

सर्वेश तसाच भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याला म्हटलं, मनावर नको घेऊ, ती काहीही बोलते आता. पाहुण्यांच्या आंबोळ्या थंड होत होत्या म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. गडू घासून पुन्हा जागेवर ठेवलाय. लांबून बघितलं तर कळत नाही.

१८ मे

शहाणी झाली एकदाची. पाणी मागत नाही. तान तान बंद. दिवसभर झोपून असते, डोळे अर्धे उघडे. मी म्हटलं, आये, चहा? मान हलवली. आज तर भांडंही कोरडं. गादीही कोरडी.

तिन्ही खोल्या भरल्यात. शनिवार-रविवार आहे. मघाशी एक अभिप्राय आला, 'अत्यंत शांत, स्वच्छ घर', पाच तारे. सर्वेशला वाचून दाखवला. तो म्हणाला, आवशीक मालवणाक दाखवया काय? मी म्हटलं, सोमवारी पाहुणे गेले की जाऊ. एक दिवसाचा तर प्रश्न. तो 'बरा' म्हणाला आणि होडी काढायला गेला.

संध्याकाळी आये मला "आवशी" म्हणाली. मला! तिची आई समजली. माझा पदर धरून "आवशी, कळशी भरली काय?" असं विचारलं. मी हो म्हटलं. उगाच वाद कशाला.

आज अकरा ग्लास. मॅडमना फोटो पाठवला, चेहऱ्यावर किती तेज आलंय बघा म्हणून.

२० मे

मालवणात दवाखान्यात आणलं. डॉक्टर कोवळे आहेत, भक्तीएवढे असतील. आयेच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली, पिठाची चिमूट काढावी तशी. माझ्याकडे न बघता विचारलं, "किती पाणी पितात दिवसाला?"

मी म्हटलं, "मागतच नाहीत हो."

खोटं नाही बोलले. दोन दिवसांत एकदाही मागितलं नव्हतं.

किडन्या गेल्यात म्हणाले. फार उशीर केलात. सलाईन लावलं. शीर मिळेना, चार ठिकाणी टोचलं. मी नर्सला विचारलं की यात काय असतं, तर म्हणाली मिठाचंच पाणी असतं. म्हणजे बघा! मिठाचं पाणी तर आम्ही घरी देतच होतो.

२१ मे

संध्याकाळी श्वास लागला. नर्स म्हणाली, काय पाजायचं असेल ते पाजा आता.

सर्वेशने माझ्याकडे बघितलं. गंगा नाही. कुणाकडे मागणार? आनंदीबाईच्या घरी गडू आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, दोघांनीही तिचं नाव काढलं नाही. तो खाली जाऊन टपरीवरून पाण्याची बाटली घेऊन आला. थंड. त्याच्या हाताला सील तुटेना, शेवटी मीच तोडलं.

तुळशीचं पान नव्हतं. नुसतंच झाकणाने तोंडात घातलं. आयेच्या घशाखाली काही उतरेना. ओठांच्या कोपऱ्यातून सगळं बाहेर, हनुवटीवरून मानेखाली. सर्वेश घालतच होता, झाकण टाकून बाटलीनेच ओतायला लागला, "पी गे आये, पी, गोडा आसा," असं म्हणत.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे रव, गादी भिजतली."

नर्स माझ्याकडे बघत राहिली. तिला काय माहीत, सवय असते माणसाला.

३० मे

दहावा. पिंड ठेवून सगळे लांब उभे. भक्ती आली आहे, रडून डोळे सुजलेत तिचे. कावळे माडावर बसून राहिले, खाली येईनात. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. सर्वेशने हात जोडून सांगितलं, पंप काढतंय आये, बाव पयल्यासारखी करतंय. नाही आला. मी म्हटलं, पाटीवर तुझंच नाव ठेवू, कधी बदलणार नाही. नाही आला.

मग एक उतरला. पिंडाला शिवलाच नाही. बाजूच्या द्रोणात पाणी ठेवलं होतं, ते चोच बुडवून बुडवून सगळं प्यायला, द्रोण उलटा केला आणि गेला. बाकीचे पण उडाले.

आनंदीबाई तेवढी मोठ्याने रडायला लागली. नाटकी मेली. मी भटजींना म्हटलं, उन्हं बघा किती आहेत, कावळ्यालासुद्धा तहान लागणारच की. त्यांनी दर्भाचा कावळा करून शिववला.

४ जून

भक्ती गेली. घर रिकामं.

तेराव्याला जे झालं ते लिहीन की नको करत होते. ओटीवर पंगत बसली होती, मी खुर्चीत बसून वाढप बघत होते. मिरचीच्या फोडणीचा ठसका लागला. थांबेचना. आणि मग खुर्चीतच. थोडं नाही, पुष्कळ. इतकं पाणी पिते मी, होणारच. पण चारचौघांत! खालून ओघळ गेला. सर्वेशच्या मावशीने पाय वर घेतले.

सर्वेश आत गेला, फडका घेऊन आला, पुसलं. "तांब्यो सांडलो," म्हणाला सगळ्यांना. किती समजूतदार माणूस. एक शब्द बोलला नाही मला.

५ जून

रात्रीच्या जेवणाला सर्वेशने स्वतः ताटं वाढली. माझ्या ताटाशी पेला नव्हता. मागितला तर अर्धा आणला.

"भर मां," मी म्हटलं.

"पुरे. शनवारी बुकिंग आसा. दोन नंबरात कोल्हापूरची माणसा येतत." मग जरा थांबून म्हणाला, "तुझ्याच भल्यासाठी सांगतंय."

मी हसले. तो हसला नाही. जेवून झाल्यावर तांब्या उचलला आणि आयेच्या खोलीत नेऊन ठेवला. कडी घातल्याचा आवाज आला.

थट्टाच असणार. दुःखात आहे बिचारा, आवशीवर जीव होता त्याचा. आज त्याने नवा गडूही आणलाय, झाळ दिलेला, कुणी काशीहून आणतात त्यांच्याकडून. देवघरात ठेवताना अंगठ्याने झाळ दाबून दाबून बघत होता. मी विचारलं, एवढी घाई काय होती? म्हणाला, घरात असलेला बरा.

६ जून

डोकं दुखतंय. दुपारपासून दोनदा मागितलं. "उद्या सकाळी दितंय हां," म्हणाला, किती गोडीने.

आज एक ग्लास. तोही पुरता नाही.

सकाळी मी जागी होण्याआधीच तो उठला होता. माझ्या पाठीखालून चादरीवर हात फिरवत होता. मी डोळे मिटून पडून राहिले. मग दारातून बाहेर जाताना स्वतःशीच बोलल्यासारखा त्याचा आवाज आला.

"आज गादी कोरडी."